हाक मारून तो सापडणार नाही

सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलं आहे: ‘आमच्या गल्लीतला १९ वर्षांचा पोरगा काल दुपारपासून घरी आलेला नाही. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलत नाही. दहावीपर्यंत मूकबधिर शाळेत होता, आता लूमवर (यंत्रमागावर) कामाला जातो. चौकीत म्हणाले, एक दिवस वाट बघा, येईल. मंडळाची पोरं गाड्या काढून फिरतायत, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकलाय. त्याच्या फोनवर रिंग जातेय पण उचलत नाही. आणखी काय करावं?’

आधी त्या फोनवर रिंग देणं बंद करा. ज्याला ऐकू येत नाही तो फोन उचलणार कसा? पण अशा वेळी सगळी गल्ली, सगळे नातेवाईक एकामागून एक रिंग देत बसतात. प्रत्येक रिंगला स्क्रीन पेटते, फोन थरथरतो आणि बॅटरी उतरत जाते. फोन बंद पडला की त्याच्याशी बोलायची वाट संपली आणि पोलिसांना मिळणारं टॉवरचं लोकेशनही तिथेच थांबलं. म्हणून एकाच माणसाने संपर्क करायचा. ज्याच्याशी तो रोज व्हिडिओ कॉल करतो, तो माणूस. बाकीच्यांनी हात आवरायचे.

मेसेज काय पाठवायचा, हेही ठरवून. आई सांगते, मोठा भाऊ टाइप करतो: ‘बाळा कुठे आहेस, लवकर ये, घरी तुझ्यावर कोणीही रागावणार नाही.’ आपल्याला वाक्य साधं वाटतं. पण मूकबधिर शाळेतून दहावी झालेल्या बऱ्याच मुलांचं मराठी वाचन ओळखीच्या शब्दांवर चालतं. मधले प्रत्यय आणि क्रियापदाची रूपं त्यांना निसटतात. त्या वाक्यातून त्याच्या हाती ‘घरी’ आणि ‘राग’ एवढंच लागलं तर तो अजून लांब जाईल. त्यापेक्षा त्याच्या कर्णबधिर मित्राकडून दहा-पंधरा सेकंदांचा खुणांचा व्हिडिओ करून पाठवा: आई ठीक, बाबा ठीक, मार नाही, तू कुठे, फोटो पाठव. ‘फोटो पाठव’ हे सगळ्यात महत्त्वाचं. नवीन गावाचं नाव लिहिणं त्याला जमेलच असं नाही, पण समोरच्या पाटीचा फोटो काढणं नक्की जमेल. लाइव्ह लोकेशन पाठवायला तर ही पोरं आपल्याला शिकवतील.

आता तुमच्या पत्रात जे दिसलं नाही, त्याकडे येते. त्याच्या मित्रांना विचारलंत का? गल्लीतल्या मित्रांना नव्हे, शाळेतल्या. मी मूकबधिर मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्तीनंतर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात दुभाषी म्हणून जाते. हरवलेल्या कर्णबधिर पोराची पहिली पक्की बातमी माझ्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्या कर्णबधिर पोराकडूनच आलेली आहे. शेजाऱ्यांना तो ‘शांत, आपल्या कामाशी काम’ वाटतो, कारण शेजाऱ्यांशी त्याला बोलताच येत नाही. तोच मुलगा आपल्या माणसांत बसला की तासन् तास गप्पा मारतो, नकला करतो, भांडतो. कोणावर जीव जडलाय, शेठने पगार कापलाय का, पुण्याला कोणी नोकरी लावतो म्हणालंय का, हे सगळं त्या मित्रांना ठाऊक असतं. त्यांचे ग्रुप वेगळे असतात, तिथे अक्षर दिसत नाही, नुसते व्हिडिओ फिरतात. सोलापुरातून निघालेला व्हिडिओ बार्शी, पंढरपूर, लातूर, पुण्यापर्यंत पोचायला फारसा वेळ लागत नाही. तुमच्या गाड्या जुळे सोलापूरला पोचेपर्यंत तो पुण्यातल्या कोणीतरी पाहिलेला असतो.

पण ते मित्र तुम्हाला लगेच काही सांगणार नाहीत, याची तयारी ठेवा. त्यांचा अनुभव असा की ऐकणाऱ्यांना काही सांगितलं की पोराला मार बसतो आणि मोबाइल काढून घेतला जातो. म्हणून शाळेतल्या जुन्या बाईंना किंवा सरांना मध्ये घ्या, आणि ‘मारणार नाही’ हे वडिलांनी त्यांच्यासमोर कबूल करू द्या. धाकट्या बहिणीला दुभाषी करू नका. घरात रोज तीच दुभाषी असते, पण भावाच्या प्रेमाची किंवा उधारीची गोष्ट त्याचा मित्र तिच्यासमोर काढणार नाही. मित्रांकडून नुसती माहिती काढून त्यांना घरी पाठवू नका, शोधाचे निर्णय घेताना जवळ बसवा. तो कुठे थांबेल, कोणाला बघून पळेल आणि कोणाला बघून थांबेल, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

मित्रांकडे एक जण गेला तेवढ्यात दुसऱ्याने पोलीस ठाणं गाठायचं. चौकीत नको, ठाण्यात. चोवीस तास थांबायचा कायदा कुठेही नाही. मुलगा १९ वर्षांचा असेल तर मिसिंगची नोंद त्याच वेळी झाली पाहिजे. अठराच्या आतला असेल तर नुसती मिसिंग पुरत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. बेपत्ता मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला हे स्पष्ट केलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत १३७ आहे. वय जन्मदाखल्यावरून पक्कं करा. मूकबधिर शाळेत मुलं उशिरा दाखल होतात, त्यामुळे इयत्तेवरून वयाचा अंदाज हमखास चुकतो. लूमचा कारखाना शहर आयुक्तालयात आणि घर ग्रामीणच्या हद्दीत, किंवा उलट, असं असेल तर हद्दीच्या वादात पडू नका. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. कोणी ऐकतच नसेल तर तिथूनच ११२ लावा. अल्पवयीन असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनलाही कळवा.

नोंदीत ‘मुका, अंगात निळा शर्ट’ एवढंच लिहून येऊ नका. शर्ट बदलतो. खुणांनी बोलतो, अमुक एवढं वाचतो, नाव आणि नंबर लिहू शकतो की नाही, ओठांवरून कुठली भाषा समजते, हे लिहायला लावा. आपल्या पूर्व भागात हा प्रश्न नेहमीचा आहे: घरी तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात कन्नड. मराठी ओठ थोडेफार वाचणाऱ्या मुलासमोर अक्कलकोटच्या पलीकडचा हवालदार कन्नडमध्ये बोलू लागला की त्याला काहीच लागत नाही. कानाचं मशीन असेल तर कुठल्या कानाला, ते लिहा. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) असेल तर कानामागची खूण आणि डोक्याच्या आत चुंबक आहे हेही लिहा, कारण बेशुद्ध सापडला आणि दवाखान्यात थेट एमआरआयला नेला तर घोटाळा होईल. आणि ‘मतिमंद’ किंवा ‘वेडसर’ हा शब्द नोंदीत येऊ देऊ नका. लिहिणाऱ्याला तो सोपा वाटतो, पण त्या एका शब्दाने शोध भलत्याच माणसाचा सुरू होतो. शिवाय सापडलेला पोरगा मनोरुग्णालयाच्या वाटेला लागतो. नाव सांगता न आल्यामुळे वर्षानुवर्षं ‘अनोळखी’ म्हणून पडून राहिलेली कर्णबधिर माणसं भिक्षेकरी गृहात आणि मनोरुग्णालयात भेटतात.

गीता या कर्णबधिर मुलीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं ते फारसं कोणी सांगत नाही. लहानपणी ती चुकून पाकिस्तानात पोचली, कराचीत ईधी फाउंडेशनने तिला सांभाळलं, २६ ऑक्टोबर २०१५ ला ती भारतात परत आली. सरकार पाठीशी, टीव्हीवर रोज चेहरा, कितीतरी कुटुंबं ‘आमचीच मुलगी’ म्हणून पुढे आली. तरीही घर सापडायला आणखी पाच वर्षं गेली. तिला आठवत होतं ते खुणांत होतं: स्टेशन, जवळ नदी, दवाखाना. सांकेतिक भाषा जाणणाऱ्यांनी ते धागे धीराने जुळवत नेले तेव्हा शोध परभणीपर्यंत आला आणि २०२१ मध्ये तिची आई मराठवाड्यातलीच निघाली. चेहरा सगळ्या देशाला दिसला म्हणून काम झालं नाही. तिचं म्हणणं समजून घेणारा माणूस समोर बसला तेव्हा झालं. तुमच्या पोराचा फोटो हजार ग्रुपवर गेला असेल, पण जिथे सापडेल तिथे त्याच्याशी बोलणार कोण, याचं नाव तुमच्याकडे आत्ता आहे का? नसेल तर ते आधी ठरवा. त्या माणसाचा नंबर पोलिसांकडे द्या. व्हिडिओ कॉलवर दुभाषी झाला तरी चालतं.

आता तुमच्या पोरांच्या गाड्या. फिरू द्या, पण थोडं शिकवून. मोकळ्या माळावर हाका मारत हिंडण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट वेगळी आहे. बंद लूम कारखाना, गच्चीवरची खोली, लॉज, मित्राची भाड्याची खोली अशा ठिकाणी पोरं जातात, दार वाजवतात, दोन-तीनदा ओरडतात आणि ‘इथे नाही’ म्हणून पुढे जातात. आत तो झोपलेला असला तरी त्याला कळणार नाही. दार वाजवून कोणी आलं नाही, ही जागा ‘पाहिली’ म्हणून धरायची नाही. मालकाकडून किल्ली आणून आत जाऊन बघा, नाहीतर खिडकीतून उजेड पाडा, आतला दिवा बाहेरच्या बटणाने चालूबंद करता येत असेल तर करा, लाकडी माडी असेल तर पाय आपटा. विहीर, तलावाचा काठ, पाण्याची टाकी ही ठिकाणं पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला सोबत घेऊनच बघायची.

रात्री बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर मारू नका. उजेडाच्या मागे कोण आहे ते त्याला दिसत नाही, हाक ऐकू येत नाही, मग तो पळणारच. झोत आधी स्वतःच्या तोंडावर आणि हातांवर घ्या, ओळख पटू द्या, मग लांबूनच हात हलवा. मागून जाऊन खांद्याला धरायचं नाही, समोरून यायचं. आणि त्याचे हात धरायचे नाहीत. ‘पळेल’ म्हणून दोघं दोन्ही हात पकडतात, आणि मग तो अंग झटकतो, ओरडतो, लोक म्हणतात बघा कसा आक्रमक झालाय. हात धरणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात दाबणं. हे पोलिसांनाही सांगावं लागतं, आणि सांगितलं की ते ऐकतातही.

सगळ्यात आधी नजर रुळांकडे हवी. भीती घालायची म्हणून लिहीत नाही. रुळाच्या कडेने चालणाऱ्याला मागून येणारी गाडी कळत नाही, म्हणून. स्टेशनवर लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) दोघांकडे फोटो द्या, रेल्वेची १३९ ही हेल्पलाइन आहेच. सिव्हिलच्या अपघात विभागात ‘अनोळखी’ म्हणून कोणी दाखल आहे का, हे माणूस पाठवून विचारा, फोनवर विचारून समाधान मानू नका. गाडीत बसला असेल तर सोलापूरहून तो कुठेही जाऊ शकतो, एकट्या कर्नाटक एक्स्प्रेसने इकडून दिल्ली आणि तिकडून बंगळूर. म्हणून दौंड, कुर्डुवाडी, वाडी, कलबुर्गी इथल्या आरपीएफला सोलापूरवाल्यांकडूनच निरोप जायला हवा.

एसटीचं सोपं आहे. दिव्यांग सवलतीवर जात असेल तर कंडक्टरने कार्ड बघितलेलं असतं आणि मशीनमधून सवलतीचं तिकीट वेगळं निघालेलं असतं. बसस्थानकावर नियंत्रकाला भेटून काल दुपारनंतर सुटलेल्या तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, विजयपूर गाड्यांचे कंडक्टर कोण होते ते विचारा. ड्युटी संपवून ते डेपोत परत येतात. खुणेने तिकीट मागणारा प्रवासी त्यांच्या लक्षात राहतो. वडिलांच्या फोनवरचे बँकेचे एसएमएसही चाळा. या पोरांचं खातं बऱ्याचदा वडिलांच्या नंबरला जोडलेलं असतं, आणि एटीएममधून काढलेल्या पैशांचा मेसेज वडिलांच्याच मोबाइलवर आलेला असतो. कोणी बघितलेलंच नसतं.

सीसीटीव्ही बघताना डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं) घड्याळ आपल्या मोबाइलशी ताडून घ्या. दुकानातलं घड्याळ वीस मिनिटं, कधी तासभर चुकलेलं असतं, आणि पोरं भलत्याच वेळेचं फुटेज बघत बसतात. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, तेव्हा कारखान्यापासून घरापर्यंतच्या दुकानदारांना आजच सांगून ठेवा. ताब्यात घ्यायचं काम पोलिसांचं.

फोटो व्हायरल केलात, त्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. त्यावर तारीख आहे का? ठाण्याचं नाव आणि ठाण्याचा नंबर आहे का? आईचा मोबाइल नंबर टाकला असेल तर ती पोस्ट आजच मागे घ्या. ‘मुलगा आमच्याकडे आहे, आधी पैसे टाका’ म्हणणारे फोन येतातच, आणि असा एक फोन आला की सगळा शोध तिकडे वळतो. मजकूर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असा हवा. आणि हे ठळक अक्षरांत: ‘याला ऐकू येत नाही. पकडू नका, गर्दी करू नका, बसवून पाणी द्या, ११२ ला कळवा.’

ही ओळ मी हट्टाने घालायला लावते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने ज्या पाच जणांना ठार केलं, ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांना बोलता येत होतं, ते सांगत होते, तरी कोणी ऐकलं नाही. परक्या गावात पोरांकडे बघत उभा असलेला, ‘कोण रे तू’ला उत्तर न देणारा, घोळका बघून पळणारा तरुण गावकऱ्यांना कसा दिसेल? तेव्हा ‘टोळीने पळवला असावा’, ‘शहरात गँग फिरतेय’ असलं एक अक्षरही तुमच्या मेसेजमध्ये नको. अफवेची झळ त्यालाच लागू शकते.

यात्रेच्या दिवसांत हरवला तर आणखी एक घोळ होतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर, आषाढीला पंढरपुरात, कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर लाउडस्पीकरवर पुकारा होतो: अमुक जिथे असेल तिथून मंडपाकडे यावे. तो पुकारा त्याच्यासाठी नाहीच, आजूबाजूच्यांसाठी आहे. म्हणून पुकाऱ्यात त्याला बोलवायचं नाही, लोकांना सांगायचं: खुणांनी बोलणारा असा मुलगा दिसला तर मंडपात आणा. एलईडी पडदा असेल तर त्याचा फोटो आणि आईचा फोटो शेजारी शेजारी दाखवा. आईचा चेहरा पडद्यावर दिसला की तो पडद्यापाशीच थांबतो.

तुमच्याकडे मुलगा आहे. मुलगी असती तर पहिला दिवस ‘बोभाटा नको’ यातच गेला असता, हे मी अनेक घरांत बघितलं आहे. कर्णबधिर मुलीच्या बाबतीत तो दिवस फार महाग पडतो. तिच्यावर अत्याचार झाला असेल तर तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या समोर आणि व्हिडिओ रेकॉर्डिंगमध्ये घेण्याची तरतूद त्याच कलम १७३ मध्ये आहे. ती मागायची. आणि तसं काही निघालं तर तिचे फोटो सगळ्या ग्रुपवरून त्याच क्षणी उतरवायचे, ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

तो सापडला की पुढचे दोन तास नीट गेले पाहिजेत. गाडीवर मध्ये बसवून गल्लीत मिरवत आणायचं, दारात बायकांनी रडून गोंधळ घालायचा, काकांनी एक ठेवून द्यायची, हे नको. आधी पाणी, जेवण, मग शांत खोलीत दुभाषी आणि त्याचा एक मित्र. ‘का गेलास’ हा प्रश्न शेवटी. आधी ‘दुखतंय का, कोणी मारलं का, पैसे-फोन कोणी घेतला का’. आई-वडिलांना बाहेर बसवावं लागतं, आणि ते त्यांना आवडत नाही. पण मुकादम मारतो किंवा भाऊ पगार काढून घेतो, हे तो घरच्यांसमोर सांगणार नाही.

तो अठराच्या आतला असेल आणि दुसऱ्या गावात सापडला असेल तर चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं, तिथेही दुभाषी मागा. तुमचा मुलगा मात्र १९ चा आहे. तो स्वतःच्या मनाने गेला असेल आणि ‘परत यायचं नाही’ म्हणाला, तर त्याला ओढून आणायचा हक्क मंडळालाही नाही आणि घरालाही नाही. पोलीस त्याचा जबाब घेतील, तो सुखरूप आहे एवढं घरी कळवतील. ऐकू येणारा सज्ञान मुलगा पुण्याला निघून गेला तर आपण ‘गेला बाबा’ म्हणतो, कर्णबधिर गेला की ‘त्याला काय कळतंय’ म्हणून चार जण आणायला जातात. त्याला कळतं. दहावी झालेला, लूमवर कमावणारा माणूस आहे तो.

घरी आल्यावर ठाण्यात जाऊन मिसिंगची नोंद बंद करून घ्या, त्याला सोबत नेऊन. ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकला होता, तिथे त्याच फोटोवर ‘सापडला’ आणि तारीख घालून परत टाका, बसस्थानकावर आणि स्टेशनवर चिकटवलेले कागद मंडळाच्या पोरांनीच काढून आणा. नाहीतर सहा महिन्यांनी तो कामावर जात असताना कोणीतरी भला माणूस त्यालाच पकडून चौकीत घेऊन येतो.